भोंगा आणि कापसाचा बोळा

आमच्या घरात मोटार कुणाला कळते असं विचाराल, तर मला. हे नुसती चालवतात. कुठल्या चढावर ती रुसते, पाणी कधी मागते, कुठे गुडघा मारला की दार लागतं, हे माझ्याइतकं अख्ख्या जळगावात कुणाला ठाऊक नाही. लेकीला, तापीला, मांडीवर घेऊन ओट्यावर बसलं की समोर मोटारच तर असते! आत्ता तापी झोपली आहे, तोवर भोंग्याची हकिकत लिहून घेते.

ही जुनी मोटार यांनी घेतली ती जळगाव-धुळे सर्व्हिस सुरू करायची म्हणून. परवाना मिळाला तर सकाळी जायचं आणि संध्याकाळी घरी. नाही मिळाला तर पुन्हा भुसावळच्या रेल्वे शेडातली नोकरी, आणि आम्हाला एखाद्या रविवारी दर्शन. तापी चार महिन्यांची होईपर्यंत तिने बापाला मोजून नऊ वेळा पाहिलं होतं. नवव्या वेळीही ती परका माणूस समजून रडली. हे हसले, पण मग बराच वेळ पाठमोरे बसून राहिले. परवाना मला किती हवा होता ते एवढ्यावरून समजा.

परवान्यासाठी मोटारीची तपासणी नेमकी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी. त्यासाठी मी सणाला माहेरी जाऊन झोके घ्यायचं सोडलं. तोवर मोटारीला कुणीही हात लावायचा नाही, असं यांनी घरभर बजावलं होतं. सूट फक्त पूजेला. आखाजीच्या सकाळी सासूबाईंनी चारी चाकांना हळदकुंकू वाहिलं, पुढे आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. मी आत खापरावर पुरणपोळ्या टाकत होते, त्यामुळे बाहेर आणखी काय झालं ते मला दिसलं नाही.

दुपारी गल्ली लोटली. जो येई त्याची नजर भोंग्यावर. पितळी कर्णा घासूनपुसून लख्ख, आणि मागे रबरी फुगा, भरिताच्या वांग्याएवढा. एकाचा जरी हात शिवशिवला असता, तर दोन तास झुलवून झोपवलेली माझी तापी दचकून उठली असती. मी इकडेतिकडे पाहिलं. कापसाचा एक बोळा केला, कर्ण्यात घातला आणि लाटण्याच्या टोकाने आत लोटला. संध्याकाळी काढू म्हटलं. आणि साफ विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी फुगा दाबला. फुस्स. पुन्हा दाबला. पुन्हा फुस्स, जेवून सुस्तावलेल्या माणसासारखं! तपासणीचे साहेब धुळ्याहून दहाला यायचे होते आणि घड्याळात नऊ वाजले होते.

मला बोळा आठवला. सांगावं तर हात लावल्याचं उघड होणार, न सांगावं तर भुसावळ. हे धावत जाऊन कापसाच्या जिनिंगमधल्या धनसिंग फिटरला घेऊन आले. फुगा फुटला असणार असं म्हणून त्याने तो काढला आणि दोघं विहिरीवर बादलीत बुडवून बुडबुडे बघत बसले. कर्णा मोटारीवर एकटाच! तापीला मोटार दाखवते असं मोठ्याने म्हणत मी गेले, अंबाड्यातला आकडा काढला, बोळा ओढला आणि ओच्यात खोवला. अर्धं मिनिटही लागलं नसेल.

धनसिंग परत आला. एकही बुडबुडा निघाला नव्हता. “फुगा बठ्ठा चांगला शे, भाऊ,” म्हणत त्याने तो जोडला. मी पदर सावरून यांना म्हणाले, “आता वाजेल बघा. मोटारीचं मला कळतं.”

यांनी दाबला. फुस्स.

दोष माझा होता, तो मी काढला होता, मग भोंगा गप्प का? एरवी आभाळालाही सल्ला देणाऱ्या सासूबाई खांबाला टेकून गप्प बसल्या होत्या. तेवढ्यात साहेबांचा टांगा दारात थांबला.

साहेबांनी ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, चाकांना बूट मारून पाहिला. सगळं ठीक. शेवटी भोंगा. फुस्स. त्यांनी सावकाश चष्मा काढला. भोंगा नसेल तर परवाना नाही, असं सांगून ते कागदावर काही लिहू लागले. यांनी एकदा तापीकडे पाहिलं. ते मला बघवेना. मी पुढे झाले आणि ओच्यातला बोळा साहेबांसमोर धरला.

“यांची चूक नाही, साहेब. पोर उठू नये म्हणून हा मी घातला होता.”

साहेबांच्या आधी धनसिंग वाकला. बोळ्याचं टोक पिवळं होतं. त्याने हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि म्हणाला, “हाई ते पुरन शे.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी शपथ घेतली की मी घातला तो कापूस, पुरण नव्हे. मग मीच खांबाकडे पाहिलं.

सासूबाईंनी पदर सारखा केला. “त्याला तोंड आहे ना? आखाजीला घरातलं एक तोंड उपाशी ठेवू का मी?”

पूजेच्या वेळी त्यांनी भोंग्याला पुरणाचा चांगला मोठा घास भरवला होता. माझ्या लाटण्याने तो पार आतल्या, आवाज काढणाऱ्या पितळी जिभेपर्यंत ढकलला गेला होता. धनसिंगने कर्ण्याची मान पिरगाळून ती जीभ काढली, गरम पाण्यात धुतली, पुसून बसवली. साहेबांनी स्वतः फुगा दाबला. असा आवाज निघाला की टांग्याचा घोडा मागच्या पायांवर उभा राहिला आणि तापीने सूर लावला. साहेबांनी एक पुरणपोळी खाल्ली, हात पुसले आणि परवाना लिहून दिला. हे मागच्या चाकाशी वाकून उगाच काहीतरी बघत राहिले. डोळे पुसत होते, मला कळलं.

साहेबांचा टांगा गेल्यावर यांनी कागद वाचून दाखवला. त्यात खाली साहेबांनी मुद्दाम एक अट घातली होती: प्रत्येक वळणावर भोंगा वाजवलाच पाहिजे.

आमचं घर वळणावर आहे.

तो बोळा मी धुऊन, वाळवून, दोन भाग करून ठेवला. तेलात भिजवून रोज तापीच्या कानांत घालते. तापी तरीही उठते, पण हल्ली बापाला बघून रडत नाही. आता पाच वाजायला आलेत, यांची मोटार येईलच. आज बोळे घातले की नाही, ते बघू—

वाजला!