नरसय्यामामांचा चिनी काढा

मे महिन्यात सोलापुरात पंख्याखाली बसूनही जीव नकोसा होतो, आणि नेमके त्याच दिवसांत आमचे नरसय्यामामा खांद्यावर जाडजूड चादर टाकून जिना चढतात. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात पेजेचा डबा. कुणीतरी शिंकलेलं असतं. मामांना ते दोन मजले खालूनही ऐकू येतं. स्वतःच्या दाराची बेल मात्र ऐकू येत नाही, तो भाग वेगळा.

मी शाळेत पस्तीस वर्षं घसा फोडला, म्हणून मामा मला ‘टीचर’ म्हणतात. ते टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. घरी तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी, आणि मागाशी कुठल्या भाषेत बोलायचे देव जाणे. निवृत्त व्हायच्या आधी मालकांनी त्यांना नवे माग बघायला चीनला नेलं. माणसानं तिकडून काय आणावं? मोबाईल आणावा, छत्री आणावी. मामांनी काढा आणला.

झालं असं की तिथं पोचल्या पोचल्या मामा तापानं फणफणले. लॉजवाल्या बाईनं, म्हणजे मामांच्या ‘चायनाच्या अक्कानं’, तिथल्या जुन्या वैद्यकातला काढा उकळून पाजला. दालचिनी, आलं, ज्येष्ठमध, वाळलेली बोरं आणि कसलंसं पांढरं मूळ. वर गरमागरम भाताची पेज. मग अंगावर रजई घालून ती उशाशी स्टूल टाकून बसली, ती थेट घाम येईपर्यंत.

“तिला माझी भाषा येत न्हाय, मला तिची न्हाय. पण हलली न्हाय ओ तितनं!” हे सांगताना मामांचे डोळे अजून मोठे होतात.

ते मूळ सोलापुरात कुणाकडे मिळेना. शेवटी काष्ठौषधीच्या दुकानदारानं कटकट नको म्हणून शतावरी दिली. मामांनी ती ‘चायनाच्या मुळाची सख्खी बहीण’ म्हणून घरात घेतली. बाकी नियम कडक. काढ्यावर पेज, पेजेवर चादर, आणि ज्यानं काढा दिला त्यानं घाम येईपर्यंत उठायचं नाही. “निम्मं औषध पातेल्यात हाय, निम्मं स्टुलावर,” असं ते बजावतात.

मागच्या उन्हाळ्यात मी शेंगाचटणीसाठी मिरच्या भाजत होते. ठसका लागला, चार शिंका आल्या. पाचवीला मामा दारात.

“मामा, सर्दी नाही हो, मिरची आहे!”

“सगळे पेशंट असंच म्हणतेत की. झोपा.”

पस्तीस वर्षं वर्ग गप्प बसवलेली मी, पण त्यांच्यापुढे माझं काही चाललं नाही. त्यात लाईट गेलेली. काढा कडूगोड, पेज जिभेला चटका देणारी आणि वर ती चादर. काढा पोटात उतरायच्या आधीच मी घामानं निथळत होते.

“आला घाम! सोडा मला!” मी ओरडले.

मामांनी उलट्या हातानं माझं कपाळ तपासलं आणि मान हलवली. “ह्यो सोलापूरचा घाम हाय, टीचर. काढ्याचा लई बारीक येतोय. थांबा जरा.”

घामाघामातला फरक ओळखणारा हा जगातला एकमेव तज्ज्ञ! अर्धा तास मी उकडत पडले होते आणि आमचे हे आतल्या खोलीत पोट धरून हसत होते.

अशानं व्हायचं तेच झालं. बिल्डिंगमधले लोक उशीत तोंड खुपसून शिंकायला लागले. शेजारच्या सूनबाई पोराला खोकला झाला की टीव्हीचा आवाज वाढवायच्या. मामा थर्मास घेऊन जिन्यात उभे राहायचे, एकेका दाराचा कानोसा घ्यायचे आणि परत जायचे. मामी जाऊन सहा वर्षं झालेली, लेक हैदराबादला. कुणाच्या तरी उशाशी जाऊन बसणं एवढंच त्यांच्या दिवसात उरलं होतं, आणि तेही आम्ही काढून घेतलं. मला हे कळत होतं, खोटं कशाला बोलू? तरी मीही दार लावूनच शिंकत होते.

या थंडीत तीन दिवस मामा जिन्यात दिसले नाहीत. मी खाली गेले. दार नुसतं लोटलेलं. मामा भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि अंग तापानं भाजत होतं. ओट्यावर दालचिनी, आलं, बोरं, सगळं ओळीनं मांडून ठेवलेलं. पातेलं मात्र कोरडं.

“अहो, अख्ख्या बिल्डिंगला पाजता, मग स्वतःला का नाही केला?”

“करून काय उपेग? पिल्यावर बसणार कोण?”

सरळ सांगितलं, तक्रार नव्हतीच त्यात. मला मात्र माझीच लाज वाटली.

आधी डॉक्टरांना बोलावलं, त्यांची गोळी दिली. मग त्यांनाच विचारून काढा ठेवला. मामा पडल्या पडल्या हुकूम सोडत होते. “आलं ठेचू नका, कापा. अय्यो, एवढं न्हाय!” पेज पाजली, चादर गळ्यापर्यंत ओढली आणि स्टूल घेऊन उशाशी बसले. मग मामा बोलायलाच लागले. कारखाना झाला, लेकीचं लग्न झालं, मामी काढा पिताना कसं नाक मुरडायच्या तेही झालं. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

तासाभरानं बघते तर ताप उतरत आलेला, उशी ओली, कपाळावरचा ओघळ कानात चाललेला. मी हात लावायला गेले, तर मामांनी चादर पार नाकापर्यंत ओढून घेतली.

“अजून न्हाय आला, टीचर.”

मी त्यांच्याकडे बघितलं. ते छताकडे बघत होते.

“नाही ना? मग बसते की,” मी म्हटलं, आणि घरी फोन लावला. “अहो, आज आमटी तुम्हीच टाका. मला उशीर होईल.”