मेलेले मासे कुठं टाकता?

माशांच्या दुकानात शिरल्यावर माणूस आधी मासे पाहतो. तुपे अण्णा आधी मालकाला विचारतात, "मेलेले कुठं टाकता?"

प्रश्न इतक्या शांतपणे येतो की मालकाला तो चटकन कळत नाही. कळला की त्याचा चेहरा उतरतो. औरंगपुऱ्यातल्या एकानं छातीवर हात ठेवून सांगितलं की आमच्याकडे मासे मरतच नाहीत. अण्णा आल्या पावली मागे फिरले. "ज्याच्याकडं मरत नाय, तो बघत नाय," म्हणाले आणि स्कूटरला किक मारली.

अण्णा सिडकोत आमच्या शेजारच्या घरात राहतात. वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात त्यांची सगळी हयात गेली. मशीनमधून निघालेला माल डोळ्यांसमोर धरायचा, फिरवायचा आणि नापास करायचा, हे काम. निवृत्त झाले तरी नापास करणं थांबलं नाही. मेथीची जुडी, गल्लीतला नवा रस्ता, माझ्या मुलीचं अक्षर, सगळ्याला एकच शेरा: "लॉट रिजेक्ट."

अशा माणसाला मी म्हणालो, अण्णा, घरी फिश टँक आणलाय, मासे घ्यायला याल का? एकेकाळी त्यांच्याकडे मासे होते, म्हणून विचारलं. माझीच दुर्बुद्धी.

पहिला हुकूम निघाला की महिनाभर टाकीत नुसतं पाणी फिरू द्यायचं, मासे नाहीत. "पाणी मुरू द्या, सर." आमच्या नळाला पाणी येतं आठवड्यानं. बाकी दिवस ड्रमवर. अण्णांच्या मते माशांसाठी याहून चांगलं शहर नाही, कारण ड्रममध्ये पडून पडून पाण्यातलं क्लोरीन आपोआप उडतं. पाहुणे यायचे, दिवा लावलेल्या, बुडबुडे सोडणाऱ्या रिकाम्या टाकीत डोकावायचे आणि मासे कुठे लपलेत ते शोधायचे. बायको म्हणाली, लोक मासे पाळतात, आपण पाणी पाळलंय.

मग रविवार सुरू झाले. अण्णा काचेला नाक लावून उभे राहतात. पाणी निळसर असेल तर औषध घातलंय, रिजेक्ट. अंगावर रव्यासारखे ठिपके, रिजेक्ट. मासे वर येऊन तोंडं उघडत असतील तर हवा कमी, रिजेक्ट. सगळ्या टाक्यांना एकच फिल्टर असेल तर एकीचा रोग सगळ्यांना जाणार, म्हणजे दुकानच रिजेक्ट. मग मालकाला दाणे टाकायला लावायचं. मासे धावत आले तर बरे, नाही तर चला. रोशन गेटजवळचा एक दुकानदार शेवटी हात जोडून म्हणाला, "चाचा, मछली लेने आये क्या पंचनामा करने कू आये?" अण्णा म्हणाले, "पंचनामा केल्याबिगर मी माल घेत नाय." ते ऐकून त्यानं आम्हाला चहा पाजला आणि पुन्हा येऊ नका म्हणून सांगितलं.

मला माशांचा वीट आला होता. पण खरी काळजी वेगळी होती. अण्णांची मुलगी वर्षा लग्नानंतर दोन-अडीच वर्षांत माहेरी परत आली होती, कायमची. ती एका शाळेत कारकून आहे, आणि माझ्या बायकोची मैत्रीण. आता कन्नडहून एका विधुर मास्तरांचं स्थळ आलं होतं. वर्षाचं त्यांच्याशी बोलणं झालं होतं, माणूस तिला आवडला होता. रीतीप्रमाणे वडिलांनी जाऊन घर बघायचं आणि शब्द द्यायचा, एवढंच राहिलं होतं. कन्नडची मंडळी दर रविवारी वाट बघत होती. आणि दर रविवारी अण्णा मला घेऊन माशांच्या दुकानात जात होते.

हे बायकोनं सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी कुठल्या कामाला जुंपला गेलोय.

पुढच्या रविवारी गारखेड्यात एक दुकान सापडलं. पाणी नितळ, प्रत्येक टाकीला वेगळा फिल्टर. मालकानं न चिडता मेलेल्यांची बादली दाखवली. दाणे टाकताच मासे झुंबड करून आले. मी पाकीट काढलं. अण्णा बोट दाखवत म्हणाले, "तो बघा." एक मासा पर मिटून कोपऱ्यात उभा होता. "लॉट रिजेक्ट."

माझा तोल गेला. एका माशासाठी? असं बघत बसलात तर वर्षाही म्हातारी होईल, असं मी बोलून गेलो.

अण्णा दुकानाच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, "वर्षाचं जालन्याकडचं पहिलं सासर मीच पास केलं, सर. माडीचं घर, बोअरला पाणी, ट्रॅक्टर. शिरा लई चांगला झाला होता. थोरली सून पाणी घेऊन आली आन् सैपाकघराच्या दाराशी उभी राह्यली. कोणी तिला बस म्हणलं नाय. तिनं मान वर केली नाय. मी बघितलं होतं. म्हणलं, वळण चांगलंय घरात." त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "कंपनीत असा पीस मी सोडला नसता."

मला खूप वाईट वाटलं. एवढंच म्हणालो की उद्याच कन्नडला जाऊ, मी येतो.

गेलो. साधं घर, पुढे तुळस, रजा टाकून थांबलेले मास्तर आणि त्यांची आई. पोहे आले तसे अण्णा म्हणाले, घरातलं प्रत्येक माणूस सोबत बसल्याशिवाय मी खाणार नाही. म्हातारी हसली, पदर सावरत येऊन बसली आणि मीठ कमी पडलं म्हणून लेकालाच बोलली. पोहे त्यानं केले होते. अण्णांनी सैपाकघर पाहिलं, मागचं न्हाणीघर पाहिलं, शेजारणीला नको ते प्रश्न विचारले. मी शरमेनं अर्धा झालो. निघताना मास्तरांनी विचारलं, तेव्हा अण्णा नुसतं "कळवतो" म्हणाले.

परतीच्या एसटीत मी म्हणालो, काहीच खोट नाही, होकार देऊन टाका.

"मलाबी काय सापडलं नाय," अण्णा म्हणाले. "त्याचंच भ्या वाटतंय. खोट नाय, का मला दिसत नाय, हे कसं कळावं?"

घाट नाही, काही नाही, सरळ रस्ता होता, तरी अण्णा समोरच्या सीटचा दांडा घट्ट धरून बसले होते. क्वालिटीतला एवढा मोठा माणूस स्वतःच्याच डोळ्यांना नापास करून बसला होता.

वर्षानं दार उघडलं. शाळेतून आलेली, अजून साडीही बदलली नव्हती. अण्णा चप्पल न काढता उंबऱ्यातच उभे राहिले. मी मागे फिरणार, तेवढ्यात ते बोलायला लागले.

"वर्षे, मला नाय कळत आता. तूच जाऊन बघ. मी संगं येतो, पण आत येणार नाय, रस्त्यावर उभा राहतो. तुला बरं वाटलं तर बस. नाय वाटलं तर उठून ये. आज, उद्या, लग्नानंतर, कवाबी. कारण सांगायचं नाय. मी उभाच हाय."