अडचण आल्यास सचिवांशी संपर्क साधावा

दाराबाहेर खुट्ट असा आवाज झाला आणि ती दचकली नाही. सगळं बिघडलं ते तिथून.

एरवी ती कशालाही दचकायची. दारावरची बेल, मागून आलेलं मांजर, पुढून आलेला नवरा. कुकरच्या पहिल्या शिट्टीला तर दचकायचीच, पण तिसरीलाही, जी होणार हे तिला माहीत असायचं आणि जिची ती ओट्यापाशी उभी राहून वाट बघत असायची. त्यावर नवऱ्याने एक उपाय सांगितला होता. छातीत धस्स झालं की आधी दहा आकडे मोजायचे, मग काय ते घाबरायचं. म्हणून आज तिने शहाण्यासारखे दहा आकडे मोजले. एकेक, सावकाश, मनातल्या मनात. दहा झाले तेव्हा तिच्या लक्षात आलं, तो कडीचा आवाज होता. बाहेरून लावलेल्या कडीचा.

ती अडगळीच्या खोलीत बसली होती. चार फूट रुंद, सहा फूट लांब, खिडकी नाही, दिव्याचं बटण दाराबाहेर. एका बाजूला शिडी, दुसऱ्या बाजूला जुन्या गाद्यांची गुंडाळी, मध्ये एक स्टूल आणि स्टुलावर ती. तिला कोणी कोंडलं नव्हतं. ती आपल्या पायांनी आत आली होती, सव्वासहाला, घड्याळ लावून.

त्याचं असं होतं. आज धूमकेतू दिसणार होता. तसा तो आठवडाभर दिसतच होता, पण ढगांच्या वर. आज आकाश पहिल्यांदा धुतल्यासारखं स्वच्छ होतं, आणि उद्यापासून तो सूर्याच्या उजेडात बुडणार होता. म्हणजे आजची संध्याकाळ. त्यातही पावणेसात ते सात वीस. पस्तीस मिनिटं, पुन्हा येणार आठ हजार वर्षांनी (मंडळाच्या वार्षिक सभांना एवढा उशीर अजून झालेला नाही).

मंडळ म्हणजे हौशी आकाशनिरीक्षकांचं. सभासद सात, दुर्बीण एक, अध्यक्ष निवृत्त पोस्टमास्तर, आणि सचिव ती. दिवसा ती ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवायची, त्यामुळे तिचं अक्षर सुरेख आणि काम टापटीप आहे असं सगळ्यांचं मत होतं. चित्रही बरं काढायची. म्हणून धूमकेतूचं रेखाटन तिने करायचं ठरलं होतं. नोंदवहीत परकाराने वर्तुळ काढून ठेवलेलं होतं, आत शेपूट भरायची बाकी होती. आता धूमकेतूचं डोकं कुणालाही दिसतं. शेपटीचं फिकट टोक दिसायला मात्र डोळे अंधाराला सरावलेले लागतात, आणि डोळे सरावायला अर्धा तास मिट्ट काळोख लागतो. तो घरात फक्त अडगळीच्या खोलीत मिळत होता. पावणेसातला नवऱ्याने यायचं, तिच्या डोळ्यांवर जाड ओढणी बांधायची आणि हाताला धरून तिला गच्चीवर न्यायचं, असा बेत होता.

नवऱ्याने दुपारी विचारलं होतं, "पण गच्चीवर तेव्हा थोडा उजेड असेलच ना? ओढणी सोडलीस की संपलं सगळं."

"तू शास्त्रात पडू नकोस," ती म्हणाली होती.

तर कडी. ती उठली, शिडीला धडकली, आणि दारावर दोन बोटांनी टकटक केलं.

"आई, कडी तुम्ही लावलीत का?"

"हो," सासूबाईंचा आवाज आला. "दार आपोआप उघडत होतं. फटीतून उजेड जात होता आत. तुझ्याच डोळ्यांसाठी लावली."

"काढता का जरा?"

"नाही."

"आई."

"अगं, तूच सांगितलंयस ना, मी काहीही म्हटलं तरी उघडू नका म्हणून. फ्रिजवर चिकटवलंयस. थांब, वाचूनच दाखवते." सासूबाईंच्या सपाता फ्रिजपर्यंत गेल्या आणि परत आल्या. "'मी घाबरेन. मी दार वाजवेन. मी रडवेल्या आवाजात बोलेन. तरीही पावणेसातच्या आत दार उघडू नये.' खाली सही आहे तुझी."

"ते मी दुपारी लिहिलं हो. दुपारी उजेड होता."

"त्याच्याखाली पण एक ओळ आहे. 'हे मी दुपारी लिहिलं होतं, असंही म्हणेन.'"

सासूबाई तीस वर्षं ऑपरेशनच्या वॉर्डात नर्स होत्या. पेशंट पाणी मागतो, गयावया करतो, पण कागदावर 'पाणी देऊ नये' लिहिलेलं असलं की द्यायचं नसतं. लेखी सूचनेपुढे त्यांनी कधी कुणाचं ऐकलं नव्हतं, सर्जनचंही नाही.

"घाबरू नकोस," त्या जरा मऊ होऊन म्हणाल्या. "पावणेसातला येतोच आहे तो. मी वर जाते. मला पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीय." आणि जाता जाता त्यांनी दाराखालच्या फटीत एक टॉवेल खुपसला. आता काळोख इतका झाला की आपले डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे तिला बोट लावून बघावं लागलं. (उघडे होते. बोट लागलं.)

सपाता जिन्यावर विरून गेल्या. तिने पुन्हा दहापर्यंत मोजलं. मग वीसपर्यंत. मोजताना हात गार पडले म्हणून स्वेटरच्या खिशात घातले. आणि उजव्या हाताला काहीतरी लागलं. गोल, गुळगुळीत, छान ऊबदार.

तिने ते दोन बोटांत फिरवून बघितलं.

ती नेत्रिका होती. नेत्रिका म्हणजे दुर्बिणीला आपण डोळा लावतो तिथलं भिंग. असतं अंगठ्याएवढं, पण ते नसलं तर दुर्बीण म्हणजे नुसती नळी. हवा गार झाली की भिंगावर दव धरतं, म्हणून जाणती माणसं नेत्रिका आधी खिशात ठेवून ऊबदार करतात. तिने ती पाच वाजता खिशात टाकली होती, एका जाणत्या माणसासारखी. मंडळाकडे दुसरी होती, ती गेल्या वर्षी दातांच्या डॉक्टरांच्या हातून पाण्याच्या टाकीत गेली, आणि डॉक्टरांनी "टाकी धुतील तेव्हा निघेल" असं सांगून विषय मिटवला.

आणि वर पोस्टमास्तर बसले असणार.

बाकीच्यांचं ठीक होतं. धूमकेतू ठळक होता, नुसत्या डोळ्यांनीही दिसला असता. पोस्टमास्तरांना मात्र नुसत्या डोळ्यांनी आता समोरच्या इमारतीतल्या खिडक्याही मोजता येत नव्हत्या. ते बारा वर्षांचे असताना असाच एक मोठा धूमकेतू आला होता. तेव्हा ते गोवराने अंथरुणात होते आणि त्यांच्या थोरल्या भावाने तो पाहिला होता. त्या भावाने पुढची साठ वर्षं कुठल्याही वादात शेवटी "तू धूमकेतू तरी पाहिलायस का?" असं विचारून त्यांना गप्प केलं. आज ते इस्त्रीचा शर्ट घालून साडेपाचलाच आले होते.

त्यांचं एकदा तिने आधीच नुकसान केलं होतं. शनीची कडी दाखवण्याचा कार्यक्रम होता, पोस्टमास्तरांचा नंबर आला, आणि तिच्या मानेवर एक पाखरू बसलं. तिचा पाय दुर्बिणीच्या तिकाटण्याला लागला, दुर्बीण गर्रकन समोरच्या इमारतीकडे फिरली. पोस्टमास्तर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "शनी चहा गाळतोय असं दिसतं." ते बिचारे हसले होते. ती महिनाभर झोपली नव्हती.

आता मात्र हातपाय गाळून चालणार नव्हतं. फोन होता. पण फोन लावायचा तर पडद्याचा उजेड होणार, आणि एवढा सरावलेला डोळा वाया जाणार. मग तिने रुमालाची घडी करून उजव्या डोळ्यावर दाबली (हा दुर्बिणीचा डोळा, डावा गेला तरी चालेल), आणि फोन चालू केला. चालू होताना त्यावर पांढरीशुभ्र अक्षरं उमटली आणि डावा डोळा खरोखरच गेला. अंदाजानेच तिने नवऱ्याचा नंबर लावला.

फोन बंद.

पोस्टमास्तरांचा बंद. दातांच्या डॉक्टरांचा बंद. उरलेल्या सभासदांचे बंद. शेजारच्या शिवणकामवाल्या काकूंचा, ज्यांचा फोन झोपेतसुद्धा चालू असतो, तोही बंद.

हे कसं झालं ते तिला चांगलंच ठाऊक होतं. फोन उजळला की आजूबाजूच्या सगळ्यांच्या डोळ्यांचा सराव मोडतो. म्हणून तिने परिपत्रक काढलं होतं, साडेसहानंतर प्रत्येकाचा फोन पूर्ण बंद, सबब चालणार नाही. परवाच्या सरावात डॉक्टरांचा फोन वाजला, तर तिने त्यांना दहा मिनिटं टाकीकडे तोंड करून उभं केलं होतं. त्याचा असा परिणाम झाला की मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच एखादा नियम सर्वांनी पाळला होता.

पावणेसात झाले. नवरा आला नाही.

सहा पन्नास. नाही.

ती ओरडली. आधी सभ्यपणे, मग कशीही. शिडीने भिंत वाजवली. पण जिन्यातले दिवे मालवून सगळी इमारत गच्चीवर जमली होती, आणि तेही तिनेच सगळ्यांची दारं ठोठावून जमवलं होतं. वरून खुर्च्या सरकवल्याचे आवाज आले, मग पावलांची धावाधाव, इकडून तिकडे, तिकडून इकडे. दिसला वाटतं. सगळे आनंदाने नाचतायत, आणि पोस्टमास्तर आंधळ्या नळीला डोळा लावून म्हणतायत, मला नाही बुवा दिसत, तुम्ही बघा. आपला नवरा त्या गर्दीत तोंड वर करून उभा आहे आणि बायको नावाची काही वस्तू आपण घरी विसरलोय हे त्याच्या गावीही नाही. तिला रडू आलं. डाव्या डोळ्याने ती रडली, उजवा रुमालाखाली कोरडा ठेवला.

सात वाजले. घसा पार बसला होता.

कुणाचा नंबर राहिलाय का, हे बघायला तिने फळीवरचा परिपत्रकांचा उरलेला गठ्ठा चाचपडून काढला आणि रेखाटनासाठी जवळ ठेवलेली, लाल कागद लावलेली टॉर्च (लाल उजेडाने डोळ्यांचा सराव मोडत नाही) त्यावर धरली. सूचना एक ते चौदा. सगळ्या फार सुरेख अक्षरात. आणि तळाशी चौकटीत एक ओळ: 'काहीही अडचण आल्यास सचिवांशी त्वरित संपर्क साधावा.'

तिला क्षणभर खरंच हायसं वाटलं. (एक क्षण. त्यापेक्षा जास्त नाही.)

पण चौकटीत नंबर छापलेला होता, आणि तो मोबाईलचा नव्हता. मोबाईल बंद राहणार म्हणून तिने घरचा नंबर दिला होता. दिवाणखान्यातला जुना फोन, जो आता फक्त सासूबाईंच्या मैत्रिणी वापरायच्या. त्याची आठवणच राहिली नव्हती.

तिने नंबर लावला. भिंतीपलीकडे घंटी वाजायला लागली. कानात एक, भिंतीतून एक. वाजून वाजून बंद झाली. घरात कोण असणार? तिने पुन्हा लावला. पुन्हा बंद झाली. सात वाजून पाच मिनिटं. तिने नेत्रिका मुठीत घट्ट धरली. ती आता इतकी ऊबदार झाली होती की तिच्यावर वर्षभर दव धरलं नसतं. तिसऱ्यांदा लावला.

घराचं दार धाडकन उघडलं. सपाता धावत आल्या, कपाटाचे खण उघडझाप झाले, एक डबा पडला. तिने "आई" म्हटलं, पण घशातून नुसतीच हवा आली. "आले, आले, जरा धीर नाही कुणाला," असं पुटपुटत सासूबाई फोनकडे वळल्या.

आता सासूबाईंची फोनवर एक सवय होती, तीही वॉर्डातली. फोन उचलला की आधी आपल्याकडची सगळी खबर एका दमात द्यायची, आणि मग समोर कोण आहे ते विचारायचं.

रिसीव्हर उचलला गेला.

"हॅलो, घरी कोणी नाहीये, सगळे गच्चीवर आहेत. धूमकेतू छान दिसतोय, झाडूसारखी शेपूट आहे, सात वीसपर्यंत आहे, बघून घ्या. पण आमच्या दुर्बिणीचं भिंग हरवलंय, पोस्टमास्तर नुसते बसून आहेत, आणि वीस जण रांगत रांगत गच्ची शोधतायत. आमच्या सुनेला यातलं काही बोलू नका. ती फार घाबरते, म्हणून भिंग सापडेपर्यंत तिला आतच ठेवायचं ठरलंय. तुमची काही अडचण असेल तर मला सांगून ठेवा, सचिव बाहेर आल्या की त्यांना निरोप देते. कोण बोलतंय?"