सवडीने लिहिलेला शब्द

कोशकारांना घाईचा मनस्वी तिटकारा होता. 'स्क्रॅम्बल' या एकाच इंग्रजी शब्दाचे अर्थ लावायला त्यांनी चार महिने घेतले होते. पाच अर्थ, पाच चिठ्ठ्या. आज दहाला छापखान्याचा माणूस त्या न्यायला येणार होता. "मिळाल्या नाहीत तर शब्द गाळून पान छापू," असं प्रमुख संपादकांनी बजावलं होतं.

पावणेदहाला कोशकार जेवणाच्या टेबलावर चिठ्ठ्या मांडून एका स्वल्पविरामाचा विचार करत होते. शेजारी बायको वाडग्यात अंडी फोडत होती.

"किती उकडतंय हो!" म्हणत तिने पंखा लावला.

चिठ्ठ्या चौफेर उडाल्या. एक थेट कपाटावर जाऊन बसली. कोशकार आयुष्यात पहिल्यांदाच धावले. खुर्चीवरून टेबलावर, टेबलावरून कपाटाला लोंबकळत वर. तेवढ्यात छापखान्याचा माणूस आला आणि तोही बायकोबरोबर जमिनीवरच्या चिठ्ठ्यांवर तुटून पडला. दोघांनी चार चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या, आणि पाचवी घेऊन उतरणाऱ्या कोशकारांचा पाय वाडग्यावर पडला.

पाचही चिठ्ठ्या अंड्यात भिजल्या. शाई पार विरघळली.

"चार महिने!" कोशकारांना रडूच फुटायचं बाकी होतं.

"साहेब, खाली गाडी उभी आहे. पाच मिनिटं देतो."

"मला आता एक अक्षर आठवत नाही हो!"

"त्यात आठवायचंय काय?" बायको म्हणाली. "लिहा. हातापायांनी कसंबसं वर चढणं, आत्ता तुम्ही चढलात तसं. एकाच वस्तूसाठी झोंबाझोंबी, आम्ही केली तशी. सगळ्याचा क्रम बिघडवून टाकणं. अंडी ढवळून परतणं, ती तर आता राहिलीच."

"आणि पाचवा?"

"ऐन वेळी धावपळ करून वेळ मारून नेणं. तेच चाललंय ना?"

कोशकारांनी उदाहरणांसकट सगळं तसंच उतरवलं. स्वल्पविराम तपासायलाही वेळ नव्हता. शरमेने त्यांना महिनाभर नीट झोप लागली नाही.

कोशाचा खंड छापून आला आणि प्रमुख संपादकांचं बोलावणं आलं. कोशकार घाबरतच गेले.

"स्पष्टच बोलतो. बाकीचा खंड घाईघाईत उरकल्यासारखा वाटतो. पण 'स्क्रॅम्बल'! काय निवांतपणे लिहिलाय! किती वेळ लागला?"

"चार महिने," कोशकार म्हणाले.

घरी येऊन त्यांनी पुढच्या शब्दाच्या चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या आणि आत हाक मारली, "अगं, जरा पंखा लावतेस का?"