उद्घाटनापूर्वीचा उंदीर

बेळगावजवळ सांबऱ्याच्या वाटेवरच्या आमच्या संशोधन संस्थेत कोणतीही वस्तू उद्घाटनाशिवाय वापरली जात नाही. पाणी थंड करायचं यंत्र आलं तेव्हा पाहुण्यांची तारीख मिळेपर्यंत आम्ही भर उन्हाळ्यात नळाचं कोमट पाणी प्यालो, पण शिस्त मोडली नाही. समारंभ समितीचा सचिव म्हणून मला याचा अभिमान आहे.

म्हणूनच निपाणीहून येऊन रुजू झालेल्या उपासनाबाईंचा प्रताप कळला तेव्हा मला घाम फुटला. परदेशातून मागवलेला सिलिकॉनचा प्रोब, म्हणजे केसाहून बारीक काडी, त्यांनी खोक्यातून काढून थेट एका पांढऱ्या उंदराच्या मेंदूत बसवला होता. पिंजऱ्याचं दार उघडलं की बाहेर पडावं की नाही, हे उंदीर ठरवतो. त्या क्षणी त्याच्या मेंदूतल्या पेशी काय बोलतात, ते हा प्रोब टिपणार होता. बाईंची पीएचडी त्यावरच उभी होती.

संचालक डॉ. महादेव शांतपणे म्हणाले, "यंत्र उंदराच्या डोक्यात गेलंय. म्हंजे आता उद्घाटन उंदराचंच करायला पायजे."

"सर, थांबता यायचं न्हाय," बाई म्हणाल्या. "मेंदू त्या काडीभवती खपली धरतोय. थोड्या आठवड्यांत पेशींचा आवाजच बंद हुईल. मग सगळं पाण्यात."

"मेंदूला जरा दम धरायला सांगा. पाहुणे विधानसभेच्या अधिवेशनाला बेळगावात येणारच हायत."

मी तातडीने पिंजऱ्याच्या दाराला लाल रिबीन बांधली. समारंभापर्यंत दार उघडण्यास मनाई झाली आणि दाणे वरच्या जाळीतून टाकावेत, असं परिपत्रक निघालं. सुरुवातीला उंदीर दाराशी लई धडपडला. पुढे त्यालाही कार्यपद्धती समजली असावी. तो दाराकडे पाठ करून बसू लागला.

अधिवेशन आलं आणि पाहुणे दिल्लीला गेले. ते परतले तेव्हा फलकाचा प्रश्न उभा राहिला. कानडी अक्षरं केवढी मोठी आणि मराठी असावी की नसावी, यावर दोन बैठका उधळल्या. इंग्रजीवर कुणाचीच हरकत नव्हती, कारण ती कुणाचीच मायबोली नव्हती.

एका दुपारी बाईंनी मला हाक मारली. तपासणीपुरता प्रोबचा संगणकी पडदा चालू ठेवायला त्यांना परवानगी होती.

"अण्णा, हे बघा. पयल्यांदा हितं खडेबाजारागत कलकलाट हुता. आता चार रेघा राहिल्यात. कात्री द्या, मी आत्ताच रिबीन कापते."

"बाई, त्यो अधिकार तुमास्नी न्हाय. मलाबी न्हाय."

"माझी तीन वर्षं हायत वं ह्यात!"

मला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. मी त्यांच्यासाठी चहा मागवला आणि कात्री कपाटात ठेवून कुलूप लावलं.

अखेर पाहुणे आले. जिथे खोकायलाही बंदी होती त्या खोलीत ढोल वाजला, नारळ फुटला, उदबत्त्या लागल्या. टाळ्यांच्या गजरात रिबीन कापली गेली आणि दार उघडलं. दाराकडे पाठ करून बसलेला उंदीर जागचा हलला नाही. पडद्यावर एक सरळ रेघ धावत होती.

मग संचालक पुढे आले.

"पाहा साहेब, काय शिस्त आहे! दार सताड उघडं आहे, पण डोक्यात एक विचार नाही."

पाहुणे भारावले. असे मेंदू तालुक्या-तालुक्यात घडले पाहिजेत, असं म्हणाले. टाळ्या कडाडल्या. बाई तेवढ्या उंदराकडे बघत उभ्या होत्या, रडत होत्या. नव्या प्रोबची त्यांची मागणी तिथल्या तिथे मंजूर झाली. त्याचं उद्घाटन पुढच्या अधिवेशनात ठरलं आहे.

तुम्हाला हसू आलं असेल. हसा. पण तुमच्या गल्लीतला नवा दवाखाना रंग देऊन कधीचा तयार आहे. त्याच्या दाराला रिबीन आहे, म्हणून तापाने फणफणलेल्या आईला दुचाकीवर बसवून तुम्ही त्याच दारावरून दुसऱ्या गावी नेता. तिथे गाडी जरा हळू करता आणि "पाहुणे कधी येणार?" एवढंच विचारता. उंदराच्या डोक्यात निदान प्रोब तरी होता.