अस्वलीणबाईंचा मणका आणि काजव्यांचा फोटो

एका जंगलात सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी एक म्हातारी अस्वलीण वाटेतच मटकन खाली बसली. तिचं नाव सगुणाबाई. बरोबर तिची सून रंजी होती आणि रंजीच्या पाठीवर तान्हं पिल्लू.

"अहो सासूबाई, आत्ता तर निघालो!"

"अगं, जरा ताठ चाललं की पोटऱ्या भरून येतात. मुंग्या येतात. बसलं की बरं वाटतं."

रंजीनं बोटांवर दिवस मोजले. इथलं पाणी आटलं होतं. चौथ्या दिवशी सगळं जंगल पलीकडच्या तळ्यावर जाणार होतं. चालता येत नाही त्यानं मागं राहायचं, असा तिथला नियम. मागं राहिलेल्याचं काय होतं ते मी सांगत नाही, बाळांनो. तुम्हाला झोपायचंय.

आणखी एक गोष्ट. त्या जंगलात सगळे दोन पायांवर, ताठ चालत. चार पायांवर चालणारा अडाणी समजला जाई.

रंजीनं सासूला घुबडडॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी मान वर केली नाही. सगुणाबाईंना पोकळ ओंडक्यात झोपवलं, आत काजवे सोडले आणि मणक्याचा फोटो काढला.

"खालच्या मणक्यातली वाट अरुंद झालीय. नसा दाबल्या जातायत," डॉक्टर फोटोला म्हणाले. "परवा सुतारपक्षी मोकळा आहे. टोचून रुंद करील."

"डॉक्टर, मी वाकले ना, की..."

"आजी, फोटोत सगळं आहे."

"फोटोत मी चालतेय का?"

"पुढचा पेशंट!"

बातमी पसरली. सगळ्या म्हाताऱ्यांनी फोटो काढले. सोमाजी काळवीट रोज टेकडी चढून चरायला जात. त्यांचीही वाट अरुंद निघाली. ते घरी आले आणि अंथरूण धरलं.

"दुखतंय का?" बायकोनं विचारलं.

"दुखत नाही. पण फोटो बघ की!"

रंजीला झोप येईना. सासूबाई राहिल्या तर पिल्लाला कोण बघणार? आणि सासूबाईंना कोण बघणार? तिसऱ्या दिवशी तिनं डॉक्टरांच्याच दवाखान्यातल्या कासवीण नर्सबाईंना गाठलं. त्यांच्याकडे कुणी फिरकत नसे, कारण त्या एका पेशंटला अख्खी दुपार लावत.

"चाला बघू," नर्सबाई म्हणाल्या.

वीस पावलांवर सगुणाबाई थांबल्या.

"आता वाकून चाला."

सगुणाबाईंनी इकडंतिकडं पाहिलं. पदर सावरावा तसे केस सावरले आणि चार पायांवर आल्या. वारुळापर्यंत गेल्या. परतही आल्या.

"सासूबाई, आधी नाही का सांगायचं!"

"सांगत होते की गं. डॉक्टरांना सांगितलं. तुला तर दोनदा."

नर्सबाईंनी पायांची ताकद पाहिली. "जांघेत बधिर वाटतं? लघवी कळते?"

"कळते हो. तुमच्या पेशंटांत मीच एक वेळेवर जाणारी असेन."

"मग टोचायची आज घाई नाही. रोज थोडा व्यायाम करा. थोडं चाला, थोडं बसा. वाकायची लाज सोडा. पाय लुळे पडले किंवा लघवी कळेनाशी झाली, तर मात्र त्याच घटकेला सुतारपक्ष्याकडे जा."

"आणि लोक हसले तर?" रंजीनं विचारलं.

"त्याचं औषध माझ्याकडे नाही."

चौथ्या दिवशी जंगल निघालं. सगुणाबाई चार पायांवर, बसत उठत, संध्याकाळी तळ्यावर पोचल्या. सगळे खदाखदा हसले. रंजी चार दिवसांत पहिल्यांदा नीट जेवली.

सोमाजी आले नाहीत. चालू नका, असं त्यांना कुणीच म्हटलं नव्हतं. पण चाला, असंही फोटोत कुठं लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी घुबडडॉक्टरांनी तळ्याकाठी नवा, मोठा ओंडका मांडला. कासवीण नर्सबाईंना कामावरून काढलं. फोटो न बघता पेशंटला चालतं केलं, हा त्यांचा गुन्हा.

तात्पर्य: म्हातारी माणसं काय सांगतात ते ऐकत बसू नये. त्यात दुपार जाते, आणि वर ती चालायला लागतात. एवढं आपल्या आळीत घरोघर सांगा. फक्त म्हाताऱ्यांच्या कानावर जाऊ देऊ नका.