मांडीवर ठेवू नये

लॅपटॉपच्या खोक्यातून निघालेल्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर, चौकटीत, ठळक अक्षरांत छापलं होतं: 'हे यंत्र मांडीवर ठेवू नये. चालू असताना हलवू नये. घरात लहान मूल असल्यास मुलाकडे लक्ष ठेवावे.' मी ते नीट वाचलं. एकही चूक नव्हती. समाधानाने मी पत्रक मिटलं आणि लॅपटॉप मांडीवर घेतला.

याला निष्काळजीपणा म्हणू नये. हा माझा व्यवसाय आहे. घरगुती उपकरणांबरोबर येणारी माहितीपत्रकं छापायला जाण्यापूर्वी मी तपासते. मिक्सरच्या पात्यांत बोट घालू नये, इस्त्री पाण्यात बुडवू नये, कपडे धुण्याच्या यंत्रात मांजर नाही ना याची खात्री करावी, अशी वाक्यं सतत माझ्या डोळ्यांखालून जातात. वाक्य शुद्ध आहे की नाही हे बघणं माझं काम. ते पाळणं हे वेगळं खातं.

गुंडी, म्हणजे आमची मुलगी, बसायला लागली आणि माझी रजा संपली. कार्यालयाने कळवलं की यापुढे कुठेही बसून काम करण्याची मुभा राहील. त्यासाठी सोबत नेता येईल असा लॅपटॉप कर्मचाऱ्याने स्वतः घ्यावा. म्हणून आम्ही तिघं दुकानात गेलो.

"रोजच्या वापराला हवाय," मी विक्रेत्याला सांगितलं. "हलका. पत्रकं वाचायची, खुणा करायच्या, परत पाठवायची. बास."

"तो कोपऱ्यातला पातळसा बरा दिसतोय," नवरा म्हणाला.

विक्रेत्याने कोपऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू नवऱ्याने त्याच्या घरातल्या वाया गेलेल्या भावाचा विषय काढला होता.

"घ्या की," तो म्हणाला. "आज चालेल. पण मॅडम, उद्या काही लागलं तर?"

हा माणूस मला आतून ओळखत असावा. माझं अख्खं आईपण 'लागलं तर' या दोन शब्दांवर उभं आहे. गुंडीला खाली बागेत न्यायचं तरी माझ्या पिशवीत लोकरीची टोपी आणि उन्हाची टोपी शेजारीशेजारी असतात.

"काय लागणारेय?" नवऱ्याने विचारलं.

"ते लागल्यावरच कळतं ना साहेब. आणि तेव्हा दुकान बंद असतं."

त्याने गेमिंगचा लॅपटॉप उघडला. पडद्यावर एक राक्षस डोंगर उपटून दुसऱ्या राक्षसाच्या डोक्यात घालत होता, आणि उडणाऱ्या प्रत्येक दगडाची सावली वेगळी पडत होती.

"यावर माहितीपत्रक उघडेल ना?" मी विचारलं.

"उघडेल मॅडम. याला पत्तासुद्धा लागणार नाही."

"आणि न्यायला-आणायला?"

"सोबत न्यायचाच आहे हा. उचलून बघा ना."

नवऱ्याने उचलून बघितला. त्याच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. तो होकार समजण्यात आला.

चार्जर वेगळ्या खोक्यात होता, आणि तो वेगळ्या माणसाने उचलावा अशी त्याची अपेक्षा दिसत होती. मांडीवरचा प्रयोग मांडी भाजल्यावर संपला. चार्जर काढला की लॅपटॉप थोड्याच वेळात डोळे मिटायचा, म्हणून कायम सॉकेटजवळ बसावं लागे. घरात रिकामं सॉकेट एकच. अशा रीतीने, कुठेही बसून काम करता यावं म्हणून घेतलेल्या यंत्रामुळे मी फ्रिजच्या मागे बसून काम करू लागले.

एक फायदा मात्र झाला. त्याच्या पंख्यांची घरघर वाढली की गुंडी गाढ झोपायची. अडचण एवढीच, की माहितीपत्रकाने ती घरघर वाढत नसे. पत्रक उघडलं की यंत्र नुसता सुस्कारा टाकायचं. घरघरीला राक्षसच लागत. त्यामुळे नवरा कामावरून आला की पोटच्या पोरीसाठी युद्धावर बसू लागला.

"मी काय हौसेने करतोय?" तो पडद्यावरून डोळे न काढता म्हणायचा. "झोपली का ती?"

"केव्हाच."

"पण गाढ?"

तेवढ्या वेळात मी माझी पत्रकं कागदावर तपासायची. पेन्सिलीने. पेन्सिल फारच हलकी असते, हे मला तेव्हा प्रथम जाणवलं.

कार्यालयात लॅपटॉप अधूनमधून दाखवायला न्यावा लागे. पहिल्याच खेपेला माझी पाठ गेली. मग बाबागाडी सुचली. तिला पट्टे होते, छत होतं, उतारावरचे ब्रेक होते. लॅपटॉप आत, पायांशी चार्जर, वरून धूळ नको म्हणून गुंडीचं दुपटं. गुंडी कडेवर. तिचं वजन कमी होतं आणि ती स्वतःहून धरून बसायची. लॅपटॉपला तेवढी समज नव्हती. लिफ्टमध्ये शेजारीण दुपट्याकडे वाकून म्हणाली, "गोड आहे. बाबांवर गेलाय." मी दुपटं नीट केलं. हल्ली दोघं बराच वेळ एकत्र असत, हे खरंच होतं.

त्याच आठवड्यात गुंडीची तपासणी होती, म्हणून कार्यालयातून परस्पर तिकडेच गेले. दवाखान्यात गर्दी; सिस्टर दारातच उभ्या.

"गाडीतलं बाळ आत, बरोबरचं मूल बाहेर," त्या म्हणाल्या. कडेवरून गुंडीला उचलून त्यांनी बाहेरच्या खेळण्यांच्या चटईवर ठेवलं आणि गाडी आत ढकलली. दुपट्यासकट लॅपटॉप उचलून काट्यावर ठेवला.

"बाई गं, अंग चांगलंच धरलंय!"

"अहो सिस्टर, ते..."

"बोलू नका, काटा हलतो."

डॉक्टर त्यांच्या संगणकात बघत होते. सिस्टर आकडे सांगत, ते भरत.

"अंग गरम लागतंय," सिस्टर म्हणाल्या.

"कधीपासून?" डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं.

आता मी सगळं स्पष्ट करायला हवं होतं. पण त्या यंत्राची इतक्या आस्थेने कुणी चौकशीच केली नव्हती. तक्रार केंद्रवाले तर नुसतं गाणं ऐकवायचे.

"पहिल्या दिवसापासून," मी म्हणाले.

"श्वासाला आवाज?"

"घरघर. जड काम केलं की जास्त."

"भूक?"

"सारखा लावूनच ठेवावा लागतो. काढला की मान टाकतो."

"अतिलाड," डॉक्टर म्हणाले. "थंड, हवेशीर जागी ठेवा. पुढच्या महिन्यात लस."

इतका नेमका सल्ला विक्रेत्यानेही दिला नव्हता. मी भारावून सामान आवरलं. लॅपटॉप, चार्जर, माउस, दुपटं. पुन्हा तपासलं. काही राहिलं नव्हतं. रस्त्यावर आल्यावर कंबर हलकी वाटली; म्हटलं, बाबागाडीचा गुण आला.

कोपऱ्यापाशी एक बाळ रडताना दिसलं, आणि मी गाडीचा ब्रेक लावला. आपलं कोणीच रडत नव्हतं.

मी गाडीसकट धावत परतले. गुंडी सिस्टरांच्या हातात टाहो फोडत होती. मी हात पुढे केले. सिस्टर मागे सरल्या.

"थांबा. ओळख?"

"माझी मुलगी आहे हो ती!"

"तुमच्या बाळाचं आत्ताच वजन झालंय. तुम्ही ते घेऊनही गेलात." त्यांनी बाबागाडीकडे बोट दाखवलं. "हे बेवारस आहे."

"तो लॅपटॉप आहे!"

"नोंदीत बाळ आहे," आतून डॉक्टर म्हणाले. "नोंद आता बदलत नाही. हिच्यावर हक्क सांगायचा तर सिद्ध करा. शांत करून दाखवा."

"मग द्या ना माझ्याकडे!"

"आधी शांत करा, मग देतो."

मी सॉकेट शोधलं. काट्यावर लॅपटॉप ठेवला, चार्जर लावला आणि जन्मात पहिल्यांदा राक्षसाच्या समोर उभी राहिले. मला एकही बटण माहीत नव्हतं. सगळी दाबली. राक्षसाने मला उचलून आपटलं. मी पुन्हा उठले. डोंगर आला, तो डोक्यावर घेतला. घाम पुसायला हात रिकामा नव्हता. दुकानातलं वाक्य आठवलं: उद्या काही लागलं तर? हे लागलं होतं. मी किंचाळून कुठलीशी तलवार फिरवली, आणि पंखे गरजले. सारा दवाखाना थरथरला.

गुंडीचं रडणं हुंदक्यावर आलं. मग जांभई. सिस्टरांनी माझ्यामागे खुर्ची सरकवली आणि निमूटपणे तिला माझ्या मांडीवर ठेवलं. ती झोपली. राक्षसाने मला तिथेच संपवलं. माझी हरकत नव्हती.

"पण बाळाची नोंद एकच राहील," डॉक्टर म्हणाले. "हिला त्याच्या सोबतचं साहित्य म्हणून नेता येईल."

मी सही केली. पुढच्या महिन्यात लॅपटॉपला लस आहे. गुंडी आता बाबागाडीत असते आणि लॅपटॉप नवरा उचलतो. रोज तोच बारीक आवाज निघतो.

हे सगळं मी फ्रिजमागे बसून लिहिलं आणि सवयीने तपासलं. वाक्यं शुद्ध आहेत. तुम्हीही इथवर वाचत आलात, मधे हसलात, एखादा शब्द खटकतोय का तेही पाहिलंत. म्हणून शेवटचं चौकटीत, ठळक अक्षरांत छापायला सांगितलं आहे: तुम्ही वाचायला बसलात तेव्हा जवळपास कुणीतरी होतं. बराच वेळ त्याचा आवाज आलेला नाही. उठून जरा बघून या.

वाक्य बरोबर आहे. आधी जा.